माझ्या वजनाचं काळवीट

तमाम ग्रामस्थ, पाहुणेमंडळी, माता-भगिनी आणि मंडपाच्या मागच्या बाजूला उभं राहून गप्पा मारणाऱ्या तरुण मित्रांनो, कृपया शांत व्हा. एक अत्यंत गंभीर बाब आपल्या कानावर घालायची आहे. आपल्याच तालुक्याच्या माळावर, आपल्या सर्वांच्या डोळ्यांदेखत, एक काळवीट चरलं, पळालं, म्हातारं होऊन मेलं आणि त्याचं वजन बरोबर माझ्याइतकं भरलं. माझं वजन इथे जाहीर करणार नाही. एवढंच सांगतो, की एसटीत माझ्या शेजारची जागा रिकामी असली तरी लोक उभं राहणं पसंत करतात. हसू नये. बाब गंभीर आहे.

असं जाहीर करायची मला सवय आहे. मंडप आणि लाऊडस्पीकर हा माझा धंदा. कर्जतहून जामखेडकडे निघालं की रस्त्याला आमचं गाव लागतं, आणि गावात काहीही जाहीर व्हायचं असलं तर ते माझ्याच गळ्यातून होतं. यात्रेत हरवलेली पोरं, वऱ्हाडाची बसलेली पंगत, पुढाऱ्यांचं थोड्याच वेळात होणारं आगमन, जे कधीच थोड्या वेळात होत नाही. सगळं मी सारख्याच भारदस्त आवाजात सांगत आलोय. काळविटाच्या वजनाचा मजकूर मात्र आजवर माईकवर वाचला नव्हता. घरातून परवानगी नव्हती. यंदा मिळाली.

होळी झाली की आमचा माळ उघडा पडतो. ज्वारी काढून झालेली असते, कडब्याच्या गंजी लागलेल्या असतात, रानातून चालताना कापलेल्या ताटांचे सड चपलेच्या तळातून टोचतात. गवत आधी सोनेरी होतं, मग पांढरं, मग नुसतं नावाला उरतं. लिंबाला मोहोर येतो आणि दुपारच्या झळांमध्ये त्याचा कडसर गोड वास तरंगत राहतो, जणू कुणी औषधात साखर घालून ठेवलीय. आणि गवत बसलं, की त्याने वर्षभर पोटाखाली झाकलेलं सगळं वर येतं. एका पायाची चप्पल, गोळ्यांची रिकामी पाकिटं, मागच्या निवडणुकीतलं विटलेलं फडकं. आणि हाडं. लांबून बघावं तर चुन्याचा खडा वाटतो, जवळ जावं तर कुणाची तरी मांडी असते.

परवा त्याच रस्त्याने टेम्पोतून बांबू घेऊन येत होतो. हरणांचा कळप रस्ता ओलांडत होता म्हणून थांबलो. तेवढ्यात पुण्याहून भाचीचा फोन. इकडचं-तिकडचं काही नाही, एकदम म्हणाली, "मामा, माळ वाळला का?"

बस्स. त्या एका प्रश्नाने मी बांबूंसकट उचललो गेलो आणि त्या मोसमात जाऊन पडलो, ज्याला आमच्या घरात 'हाडांचा उन्हाळा' म्हणतात आणि ज्याचं नाव काढलं की माझी बायको स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात ठेवते.

भाची म्हणजे रेवती, माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. प्राणिशास्त्र शिकली आणि पीएचडीला बसली. विषय कोणता, हे बहिणीने फोनवर सांगितलं तेव्हा मला त्या उन्हाळ्यातला पहिला धक्का बसला.

"हरणांच्या पायांची हाडं," बहीण म्हणाली.

"नुसते पाय?"

"पायसुद्धा नाहीत रे. पायातली हाडं. मोजायची."

"मग बाकीचं हरीण कोण करणार?"

बहिणीने फोन ठेवला. पण मला खरोखरच कळत नव्हतं. आमच्याकडे हरीण म्हणजे हरभऱ्याचे शेंडे खाणारं जनावर. लहानपणी मी वडिलांबरोबर पत्र्याचा डबा वाजवत त्यांना हाकलायला जायचो. डबा वाजला की आख्खा कळप जमिनीवरून सुटायचा. पळायचा म्हणत नाही मी, सुटायचा. एकामागून एक उड्या, आणि प्रत्येक उडीच्या टोकाला जनावर हवेत क्षणभर थांबायचं, खालची जमीन आपली आहे की नाही हे बघून घेतल्यासारखं. वडील शिव्या देता देता मधेच गप्प व्हायचे. मी आणि ते, दोघेही तोंड उघडं टाकून बघत राहायचो आणि हरभरा जायचा तो जायचाच. असल्या उडीची हाडं मोजायची? पट्टी लावून? मला ते गाण्यातल्या रागिणीची लांबी-रुंदी काढण्यासारखं वाटलं.

रेवती आली ती पाठीवर पिशवी आणि हातात लोखंडाचा एक चिमटा घेऊन. चिमट्यावर आकडे कोरलेले. ओट्यावर बसून तिने मला माझ्याच धंद्यातून समजावलं.

"मामा, तुला कुठे नुसता एक खांब पडलेला दिसला. मांडव दिसत नाही, फक्त खांब. मांडव केवढा जड होता हे तू सांगशील?"

"सांगीन की."

"कशावरून? खांबाच्या उंचीवरून?"

"छे! उंच काय, झेंड्याची काठीपण असते. जाडी बघायची. जड मांडवाला जाड खांब."

"झालं. हाडाचं तेच. लांबीवरून जनावर कसं पळतं ते कळतं. वजन किती पेलतं ते जाडीवरून. मांडीचं हाड आणि पुढच्या पायाचं वरचं हाड, दोन्हींचा मधला घेर घ्यायचा, सूत्रात घालायचा, की आख्ख्या हरणाचं वजन निघतं."

मी थक्क झालो. मेलेलं जनावर, मांस नाही, कातडं नाही, वर्षानुवर्षं उन्हात पडलेलं, आणि ते अजून आपलं वजन सांगतंय! माणसं जिवंतपणी सांगत नाहीत. तिला हे कशासाठी हवं होतं, तर आमच्या दुष्काळी माळावर जगलेली हरणं आणि तिकडे कालव्याकाठच्या उसात शिरून मजेत राहिलेली हरणं, यांच्या अंगलोटात फरक पडलाय का, हे बघायला. मी म्हणालो, त्यासाठी हाडं कशाला, दोन्हीकडचे पाहुणे लग्नात शेजारी बसव, कळेल. ती हसली नाही. तिचं पोटपाणी या विषयावर होतं.

हाडं म्हणजे सरकारी माल. हे मला तेव्हाच कळलं आणि तोही धक्काच. माळावर मेलेलं हरीण उचलून घरी आणता येत नाही, त्याचं शिंगही आणता येत नाही. मेल्यावरसुद्धा ते सरकारी नोकरीतून सुटत नाही. वनखात्यानेच रीतसर वेगवेगळ्या ठिकाणची हाडं गोळा केलेली होती, त्यांच्या चौकीच्या पत्र्याच्या शेडमध्ये पोत्यांत भरून ठेवलेली. रेवतीला मोजायची परवानगी होती ती तिथेच, वनरक्षकासमोर. आणि मोजणी संपली की पंचनामा करून, साहेबांच्या देखत, पाडव्याच्या आदल्या दिवशी सगळी जाळून टाकायची. तसा हुकूमच होता. म्हणजे रेवतीला एकच संधी. एकदा आग लागली की परत विचारायला हाडं नाहीत.

वनरक्षक भाऊसाहेब माझा जुना दोस्त. पोटाने सुटलेला, मनाने हळवा, आणि हुकमाला घाबरणारा. पहिल्याच दिवशी मला दारात अडवून म्हणाला, "अण्णा, तुमी पाव्हनं हाय, च्या घ्या, बसा. पर खिशात हात घालायचा न्हाई. एक कुटका जरी हलला तर माझी नोकरी हालती."

"भाऊसाहेब, मी हाडं घेऊन काय करू? माझीच मला जड झालीत."

"तुमचा काय भरवसा. नाटकात लावाल कुटं तरी."

हे मात्र खरं होतं. यात्रेतल्या नाटकात मी दरवर्षी काम करतो आणि हाताला लागेल ते सामान म्हणून वापरतो.

आता माझ्या बायकोची एंट्री. सुमन शिवणकाम करते. ब्लाऊज, पंजाबी ड्रेस, शाळेचे गणवेश. तिच्या गळ्यात दागिना नसला तरी चालेल, टेप पाहिजे. आमच्या गावातल्या बायकांची जी माहिती डॉक्टरांकडे नाही ती तिच्या टेपवर आहे. माहेरी आलेली पोर दंडात उतरलीय म्हणजे सासरी काय चाललंय, हे ती कुणाला न विचारता ओळखते आणि कुणाला सांगत नाही. फक्त त्या पोरीला चहाबरोबर लाडू देते. लग्नाच्या सिझनला नवऱ्या मुली येतात, "मामी, एकदम फिटिंग पाहिजे हां, टाइट." सुमन हो हो म्हणते आणि टेपखाली आपली दोन बोटं सरकवते. मग नवरीच्या आईकडे बघून म्हणते, "माणूस माप देतो उभ्यानं आणि जेवतो बसून." गेली कितीतरी वर्षं मी हे वाक्य शिलाई मशीनच्या आवाजाच्या साथीने ऐकत आलोय. तिने शिवलेल्या ब्लाऊजची शिवण आजवर एकाही पंगतीत उसवलेली नाही, ही आमच्या घराची इभ्रत.

रेवतीने पोती बघितली आणि तिचा चेहरा उतरला. एकटीने एवढं उरकणार कधी? सुमन तिथे डबा घेऊन आली होती. तिने एक हाड उचललं, फिरवून बघितलं, आणि म्हणाली, "मापंच घ्यायचीत ना? मग रडतेस काय?"

रेवतीने तिची परीक्षा घेतली. टेपवरची बारीक रेघ चष्म्याशिवाय वाचून दाखव म्हणाली. सुमनने वाचून दाखवली, वर तिच्या कुर्त्याची डावी बाही उजवीपेक्षा किती तोकडी आहे तेही सांगितलं. परीक्षा संपली. लांबी रेवती घेणार, शेडच्या त्या टोकाला, लोखंडी चिमट्याने. घेर सुमन घेणार, या टोकाला, टेपने. ती ओरडून सांगणार, रेवती लॅपटॉपवर उतरवून घेणार. मी पोत्यातून हाड काढून देणार आणि वातावरण हलकं ठेवणार. हे दुसरं काम मला कुणी दिलं नव्हतं.

त्या शेडमधली दुपार मला अजून अंगावर जाणवते. वरचा पत्रा तापून टणटण करायचा. हाडांना वास म्हणावा असा नव्हता. जुन्या खडूचा, कोरड्या मातीचा, आणि फार आत कुठेतरी पावसात भिजलेल्या चामड्याचा. पहिलं हाड हातात घेतलं तेव्हा मी ते जवळजवळ फेकलंच. जड असेल म्हणून हाताला जोर लावला होता आणि ते बासरीइतकं हलकं निघालं! एवढ्याशा नळीवर ती उडी? वडिलांची शिवी हवेत थांबवणारी ती उडी या काडीवर उभी होती? मी भाऊसाहेबाच्या हातात दिलं. तोही तसाच दचकला. मग आम्ही दोघं कितीतरी वेळ ते एकमेकांच्या हातात देत, परत घेत बसलो, लहान पोरांसारखे.

एकदा सुमनच्या हातात एक वेगळंच हाड आलं. मधोमध गाठ. उसाच्या पेरासारखी जाड, खडबडीत. "हे काय गं?"

रेवती उठून आली. "मोडलं होतं हे. मोडून पुन्हा जुळलंय. म्हणजे पाय मोडल्यावरही हे हरीण बरेच महिने जगलं."

"तीन पायांवर?"

"तीन पायांवर."

सुमनने अंगठ्याने ती गाठ चोळली, दुखऱ्या पोराचा गुडघा चोळावा तशी. "कुत्र्यांपासून कशी वाचली असंल गं ही?" ती हरणी होती की काळवीट हे कुणालाच माहीत नव्हतं, पण सुमनने ठरवून टाकलं होतं. तिने टेप काढला तशी रेवती म्हणाली, "ह्याचं नको घेऊस मामी. गाठीमुळे घेर खोटा मोठा येईल. मग वजनही खोटं येईल." सुमनने ते हाड बाजूला, आपल्या ओढणीवर ठेवलं. मी तेव्हा विनोद करायला तोंड उघडलं होतं. मिटलं.

मापं संपली. भाऊसाहेबाने पोती शिवली, लाखेचं सील लावलं, आता ती साहेबांसमोरच उघडायची. संध्याकाळी आमच्या घरी शिलाई मशीनच्या फळीवर लॅपटॉप ठेवून रेवतीने सगळे आकडे सूत्रात घातले. सुमनने पोहे केले होते. मी खिडकीत बसून, हरणाचं वजन माईकवर कसं जाहीर करावं याची तालीम करत होतो.

रेवतीने घास तोंडात घेतला तो तसाच राहिला.

"मामा, तुझं वजन किती आहे?"

मी सांगितलं. म्हणजे थोडं कमी सांगितलं. सुमनने आतून खरं सांगितलं.

"मग हे काळवीट बरोबर तुझ्याएवढं आहे."

मला वाटलं, पोरगी थट्टा करतेय. उठून पडद्याकडे बघितलं. थट्टा नव्हती. पाडस आईएवढं, आई पैलवानाएवढी, आणि बाप माझ्याएवढा! एकूण एक हरीण असं फुगलेलं. माळावरचं असो, उसातलं असो, सगळी जणू सत्यनारायणाचं जेवून उठलेली. ह्या देहाने उडी मारली असती तर जमिनीला विहीर पडली असती. आम्ही तिघं पडद्याकडे बघत राहिलो आणि पोहे गार झाले.

मी भाऊसाहेबाला फोन लावला. त्याने आकडा दोनदा विचारून घेतला. मग तो म्हणाला, "म्हंजे अण्णा, एवढी वर्सं मी तुमच्याएवढ्या जनावरामागं काठी घिऊन पळत हुतो? एकटा?"

रेवतीने तिच्या गाईड मॅडमना फोन केला. फोन स्पीकरवर होता. मॅडमनी शांतपणे विचारलं, "तुमच्याकडे हरणं आहेत की गवे?" मग आवाज मऊ झाला. म्हणाल्या, घेराचे आकडे चुकलेत. चूक कुठे आहे ते हाडं जळायच्या आत सापडलं तर ठीक, नाही तर घेर वगळावा लागेल. आणि घेर वगळला तर तुझ्या प्रबंधात फक्त लांब पाय उरतील, हरीण उरणार नाही. तुझी मुदतही संपत आलीय, दुसरा मोसम मिळायचा नाही. रेवतीने फोन ठेवला आणि पोह्यांतला एकेक शेंगदाणा वेचून ताटलीच्या कडेला लावत बसली. रडली असती तर बरं झालं असतं.

मग संशयाला सुरुवात झाली. पहिला संशय टेपवर. जुना टेप ताणला जातो. शाळेतून लोखंडी पट्टी आणली, शेजारी धरली. टेप शुद्ध. दुसरा संशय सूत्रावर. पण ते बकऱ्या-मेंढ्यांवर पारखूनच छापलेलं होतं. तिसरा मी मांडला, की आमच्याकडची हरणं आतून भरीव असावीत. दोघींनी माझ्याकडे बघितलं. मी चौथा मांडला नाही.

चूक हरणांत आहे की आमच्यात हे तपासायचं तर वजन माहीत असलेलं जनावर पाहिजे. दुसऱ्या दिवशी रविवार होता. मुलाणी चाचांच्या दुकानात बोकड आधीच काट्यावर चढून उतरलेला, त्याचं वजन चाचांना तोंडपाठ. मी त्यांना बाजूला घेऊन म्हणालो, "चाचा, आम्हाला चार नळ्या पाहिजेत. खायला नाही. मोजायला."

रविवारच्या सकाळी, रांग लागलेली असताना, नळी मोजायला मागणारा माणूस मी पहिलाच असेन. चाचांनी माझ्याकडे, मग सुमनच्या टेपकडे बघितलं, आणि नळ्या साफ करून पुढे केल्या. रांगेची कुरकुर सुरू झाली. सुमनने गल्ल्यामागे बसून घाईघाईने घेर सांगितले, रेवतीने बाहेर टेम्पोत बसून आकडे घातले. नळ्या लगेच गिऱ्हाइकाच्या पिशवीत गेल्या. गिऱ्हाईक थांबायला तयार नव्हतं.

रेवती आत आली. तिने चाचांना बोकडाचं सूत्रातलं वजन सांगितलं.

चाचांनी सुरी खाली ठेवली. माणूस आयुष्यभर काट्यासमोर उभा राहिलेला. त्यांनी एकदा काट्याकडे बघितलं, एकदा टांगलेल्या बोकडाकडे, मग हळूच माझ्या पोटाकडे. "वैनी," ते म्हणाले, "एवढं मटन हुतं, तर ऱ्हायलेलं खाल्लं कुनी?"

आख्खी रांग हसली. मीही हसलो. सुमन मात्र हसली नाही. कारण बोकडाने साक्ष दिली होती. हरणं निर्दोष होती. चूक आमच्याकडे होती, आणि सूत्र बकऱ्यांवर पारखलेलं म्हटल्यावर ती घेरात होती, आणि घेर कुणी घेतला हे सगळ्यांना माहीत होतं.

घरी येताना रेवतीने फक्त एवढंच विचारलं, "मामी, टेप नीट बसवला होतास ना?"

"मला शिकवतेस?" सुमन म्हणाली. मग थोड्या वेळाने, खिडकीबाहेर बघत, "मी गावाला कपडे घालते." आणि मग दिवसभर तिने मशीन चालवलं नाही. आमच्या घरात मशीनचा आवाज थांबला की भिंती मोठ्या वाटायला लागतात. मला हरणाच्या वजनाचा धक्का पचला होता, पण या शांततेचा पचेना. एकीचा अभ्यास बुडत होता, दुसरीचा हात खोटा ठरत होता, आणि दोघी एकमेकींना भाकरी वाढत होत्या, अगदी नीट, अगदी जपून. एरवी दोघी जेवताना इतक्या बडबडतात की माझ्या ताटात काय पडलं ते मला कळत नाही.

आता जरा थांबा. मी माईकवरचा माणूस. मला पडदा केव्हा पाडायचा ते कळतं. म्हणून पुढे जे झालं ते आधी सांगतो, आणि जे आधी झालं ते शेवटी.

हाडं ठरलेल्या दिवशी, पाडव्याच्या आदल्या सकाळी, जळली नाहीत. साहेब उशिरा आले, रेवतीने त्यांना हात जोडले, मी त्यांना माझ्या यात्रेतल्या आवाजात विनंती केली, आणि ते म्हणाले, ठीक आहे, दिवस मावळेपर्यंत. सील तोडून पोती उघडली. सगळे घेर पुन्हा घेतले. सुमननेच घेतले. रेवतीने टेप मागितला नाही, उलट स्वतः तिच्या हातात दिला. तिन्हीसांजेला माळावर छोटी ज्वाळा उठली. पंच म्हणून मी सही केली. भाऊसाहेबाने टोपी काढली. सुमनने ते गाठीचं हाड शेवटी ठेवलं, वरून, हलक्या हाताने. दुसऱ्या दिवशी घराघरावर गुढ्या उभ्या राहिल्या तरी माझ्या नाकात तो धूर होता, खडूसारखा, कोरडा. मला तो वाईट वाटला नाही. जे सांगायचं होतं ते सांगून झालं होतं त्यांचं.

आणि माझं काळवीट? ते उतरलं. सूत्राने त्याला खरं वजन दिलं, माझ्या जुन्या स्पीकरच्या पेटीएवढं, जी मी एका खांद्यावर उचलून टेम्पोत टाकतो. मला आनंद व्हायला पाहिजे होता. झालाही. पण खरं सांगू का, एखादा जुळा भाऊ सापडून दोन दिवसांत हरवावा तसं झालं. त्या दोन दिवसांत मी आरशासमोर उभा राहून, आपल्यासारख्या देहालाही तशी उडी साधते, असा समज करून घेतला होता. एकदा तर अंगणात कुणी नाही असं बघून... जाऊ द्या.

रेवतीचा प्रबंध पुरा झाला. त्यात आभार मानलेत, सुमनचे सर्वांत आधी, माझे 'वाहतूक' या सदरात. मशीन पुन्हा सुरू झालं. सुमनने दुकानातली आपली पद्धत कणभर बदलली नाही, आणि बदलायचं कारणही नव्हतं.

तर ती सकाळ. चौकीच्या अंगणात लाकडं रचलेली. सील केलेली पोती भिंतीला ओळीने टेकवलेली, शाळेत उभं केल्यासारखी. साहेबांच्या जीपची वाट. रेवती पायरीवर बसून चिमटा उघडत होती, मिटत होती. सुमन पलीकडे, लिंबाच्या सावलीत, तिच्याकडे पाठ करून. मी मधे उभा, आणि माझ्याकडे एकही विनोद नव्हता. माझ्या आयुष्यातला हा सर्वांत मोठा धक्का असावा.

ती शांतता भाऊसाहेबाला सोसेना. बिचारा सुमनजवळ गेला, पट्ट्यात दोन्ही अंगठे खुपसून. "वैनी, रागावू नका. साहेब येस्तवर येक काम करता? ही खाकी लई आवळती. नवीन शिवायची हाय. कंबर तेवढी मोजा."

सुमनने नको म्हणायला मान वर केली. पण माप मागणाऱ्याला नाही म्हणणं तिच्या हातालाच येत नाही. गळ्यातला टेप निघाला, भाऊसाहेबाच्या पोटाला वळसा घालून पुढे आला.

"जरा घट्टच धरा वैनी. आकडा कमी दिसंल. बायको रोज बोलती."

"घट्ट कशाला?" सुमन नेहमीच्या आवाजात म्हणाली. तो आवाज दोन दिवसांनी ऐकला म्हणून मी वळून बघितलं. "माणूस माप देतो उभ्यानं आणि जेवतो..."

वाक्य तिथेच तुटलं. भाऊसाहेब पोट आत घेऊन, श्वास रोखून उभा. सुमन टेपकडे बघत होती. टेप आणि भाऊसाहेबाचा शर्ट यांच्यामध्ये तिची दोन बोटं होती, नेहमीच्या जागी, कुणी न सांगता जाऊन बसलेली. तिने त्या बोटांकडे बघितलं. मग भिंतीला टेकलेल्या पोत्यांकडे. मग पायरीवरून उठून उभ्या राहिलेल्या रेवतीकडे. तिचा चेहरा असा झाला, की मी तो नाटकात कधी आणू शकलो नाही आणि आणू शकणार नाही. आणि साऱ्या माळाला ऐकू जाईल अशा आवाजात, माईकशिवाय, माझी बायको ओरडली:

"अगं रेवा! हाडाला कुठं जेवायला बसायचंय!"